हिमाजीमामांना ताप कसा आला

एका जंगलात एक अस्वल राहत होतं आणि ते बियर पीत होतं.

मुलांनो, हसू नका. बियर म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी गप्प बसावं. ज्यांना ठाऊक आहे त्यांनी तर अगदीच गप्प बसावं, आईवडील शेजारीच आहेत. गोष्ट कळायला एवढंच पुरे, की ते एक कडवट फेसाळ पाणी असतं आणि ते गार असेल तरच घशाखाली उतरतं. जंगलात वीज कुठून आली, असंही कुणी विचारू नका. ती मधूनमधून जाते कुठे, हे आधी शोधून काढा, मग बोलू.

तर अस्वलाचं नाव केरोपंत. केरोपंत म्हणजे जंगलातलं बडं प्रस्थ. व्यसनमुक्ती मंडळाचे ते अध्यक्ष होते. दर शनिवारी सकाळी वडाच्या पारावर त्यांचं भाषण होई. भाषण असं तडाखेबंद, की ऐकून हरणं ढसाढसा रडत. हरणांनी गवताशिवाय कशाला तोंड लावल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. तरी ती रडत आणि गवत सोडायचं का म्हणून विचारत.

भाषण झालं की सत्कार. त्या जंगलात शाल आणि नारळाशिवाय कार्यक्रम संपल्याचं धरतच नसत. वक्त्याला शाल, पाहुण्यांना शाल, आभार मानणाऱ्याला शाल, आणि एखादी उरलीच तर ज्यानं शाली आणल्या त्याला ती शाल. वैशाखाचं ऊन मी म्हणत असे. केरोपंतांच्या अंगावर मुळातच वीतभर केस. त्यावर लोकरीची शाल. ते हसऱ्या चेहऱ्यानं ती पांघरून घेत, फोटो होईपर्यंत बसत आणि घामानं थबथबून घरी येत. नारळाची चटणी होई. शालीचं काय करायचं, हा प्रश्न राही.

तो प्रश्न फ्रिजमुळे सुटला.

केरोपंतांच्या घरी मागच्या खोलीत एक फ्रिज होता. खास बियरचा. भाच्यानं नदीपलीकडून आणून दिलेला. कमरेएवढा उंच, दार काचेचं, आत निळा दिवा, आणि दारावर हातभर मोठा फेसाळता पेला रंगवलेला. ज्यानं तो बनवला त्याला वाटलं असेल, की मालकाला येताजाता आपल्या बाटल्या दिसाव्यात, जीव सुखावेल. मालक व्यसनमुक्ती मंडळाचा अध्यक्ष असेल, हे काही त्या बिचाऱ्याच्या डोक्यात आलं नाही.

तसंही त्या जंगलात कुठलीही वस्तू उघडी ठेवायची पद्धत नव्हती. रेडिओला झबलं, मिक्सरला टोपी, शिलाई मशीनला पडदा. केरोपंतांच्या पत्नी अनसूयाबाई यांनी फ्रिजसाठीही हौसेनं दोऱ्याचं झाकण विणलं. पण त्या विणीतल्या फुलांमधून बाटल्या स्वच्छ दिसत. मग केरोपंतांनी त्यावर एक शाल टाकली. पुढच्या शनिवारी दुसरी. दारू सोडा असं सांगून मिळालेली शाल घरी यायची आणि दारू झाकायची. असं करता करता फ्रिजच्या अंगावर अडतीस शाली झाल्या.

शनिवारी संध्याकाळी केरोपंत मागच्या खोलीत जात. शालींचा पदर वर करत, एक बाटली काढत आणि खिडकीशी बसत. एकच बाटली, कधी दुसरी नाही. पहिला गार घोट घशाखाली गेला, की त्यांना वाटे, आठवडाभर आपण जे काही बोललो ते सगळं माफ आहे. तेवढा पाऊण तास त्यांचा स्वतःचा होता. बाकी सगळा वेळ मंडळाचा.

आणि एका शनिवारी घोट घेतला तर तो कोमट.

केरोपंतांनी तो तोंडातच धरला. गिळवेना आणि थुंकवेना. डोळ्यांत पाणी आलं. कोमट बियर प्यावी लागणं हे किती मोठं दुःख आहे, हे तुम्हाला आत्ता सांगून उपयोग नाही.

"अहो, काय झालं?" अनसूयाबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"फ्रिज गार करत नाही."

"मग मेकॅनिकला बोलवा."

"आणि त्याला काय दाखवू? बाटल्या?"

"बाटल्या चार दिवस माळ्यावर टाका."

"आणि दारावर तो पेला आहे त्याचं काय? फेसासकट?"

"खरवडा की."

"खरवडला मागेच," केरोपंत म्हणाले. "त्याच्याखाली दुसरा आहे."

अनसूयाबाई पोळी लाटायला परत गेल्या. त्यांनी या फ्रिजपायी पुष्कळ सोसलं होतं.

केरोपंतांनी ठरवलं, आपणच दुरुस्ती करायची. फ्रिजसमोर बसून त्यांनी विचार केला. आत थंडी होती. आता ती नाही. म्हणजे ती बाहेर पडते आहे. बाहेर पडणाऱ्याला अडवायचं कसं, हे केरोपंतांना चांगलं ठाऊक होतं, मंडळातून कुणी बाहेर पडायला लागलं की ते हेच करत. त्याला सगळीकडून घट्ट धरायचं. थंडीलाही त्यांनी तसंच धरायचं ठरवलं. फ्रिज भिंतीला टेकवला, पुढून मागून सगळ्या शाली लपेटल्या, कपाटातल्या आणखी अकरा काढून लावल्या आणि वरून सुती दोरीनं आवळून टाकलं.

मुलांनो, फ्रिजच्या मागे एक काळी जाळी असते. आतली उष्णता त्या जाळीतून बाहेर पडते. तिला वारा लागला नाही तर फ्रिज गुदमरतो. हे तुम्हाला शाळेत शिकवलंय. केरोपंतांनाही शिकवलं होतं, पण त्या दिवशी ते स्वागत समितीत होते.

दुसऱ्या दिवशी फ्रिज तापला. घुर्र घुर्र असा आवाज काढू लागला. मधूनच आतून टक्क व्हायचं आणि तो गप्प बसायचा. मग परत घुर्र. केरोपंतांनी शालीखाली हात घातला आणि चटकन बाहेर काढला.

"अगं, हा तर भाजतोय," ते म्हणाले.

"उकडलेली बियर कुणी पितं का बघा," अनसूयाबाई म्हणाल्या.

नेमके त्याच वेळी मंडळाचे चिटणीस वामनराव बगळे दारात उभे राहिले. बगळा तो, दारात एका पायावर उभा राहिला, दुसरा पाय आत यायला सांगेपर्यंत खाली ठेवायचा नाही, अशी त्याची शिस्त.

"पंत, आनंदाची बातमी आहे," वामनराव म्हणाले. "या वर्षीचा निर्व्यसनी शिरोमणी पुरस्कार तुम्हाला. येत्या शनिवारी राजेसाहेब स्वतः तुमच्या घरी येऊन देणार. घर बघायचंय म्हणाले त्यांना. निर्व्यसनी माणसाचं घर कसं असतं ते."

हो, माणसाचं म्हणाले. त्या जंगलात सगळे असंच बोलत.

राजेसाहेब म्हणजे सिंह. ते घर बघणार म्हणजे मागची खोलीही बघणार. आणि मागच्या खोलीत पकडले गेलो तर पार सुटला, भाषण सुटलं आणि नाव गेलं. तेवढ्यात मागच्या खोलीतून घुर्र असा आवाज आला. वामनरावांनी मान लांब करून आत पाहिलं. कोपऱ्यात शालींचा एक ढीग बसला होता.

"हे कोण?" वामनरावांनी विचारलं.

बघा, हे काय आहे, असं त्यांनी विचारलं नाही. जिच्या अंगावर इतक्या शाली आहेत ती वस्तू असेल, हे त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही.

"मामा," केरोपंत म्हणाले.

तोंडातून कसं निघालं ते त्यांनाही कळलं नाही. पण निघालं ते निघालं.

"तुमचे मामा?"

"हिमाजीमामा. पहाडातले. मौन आहे त्यांचं. बारा वर्षं झाली."

"मग ही घुरघुर?"

"ते आतल्या आत चालू असतं त्यांचं."

वामनराव पुढे झाले, वाकले आणि शालींवर पंख टेकवून त्यांनी नमस्कार केला. मग दचकून म्हणाले, "पंत, अहो, मामांना ताप आहे."

ते गेल्यावर अनसूयाबाई बाहेर आल्या. लाटणं हातातच होतं.

"हे कोण हिमाजीमामा? आपल्या लग्नात दिसले नाहीत कुठे. आहेरही नाही त्यांचा."

"सुचलं ते बोललो."

"फ्रिजच आहे म्हणायचं होतं. औषधं ठेवायचा म्हणायचं होतं."

हे केरोपंतांना आत्ता सुचलं. अशा गोष्टी नेहमी आत्ताच सुचतात.

बगळ्याच्या पोटात बातमी राहत नाही. सोमवारी सकाळी केरोपंतांच्या दारासमोर रांग लागली. हरणं आली, ससे आले, रानडुकरं आंघोळ करून आली. थोर पुरुषाला भेटायला रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून प्रत्येकानं शाल आणली. मामांना थंडी वाजून ताप आला असेल, असं वामनरावांनी सांगितलं होतं. त्यामुळे ज्यांना परवडलं त्यांनी घोंगडी आणली.

शाली चढत गेल्या, फ्रिज तापत गेला. तो जितका तापे तितकी मामांची काळजी वाढे, आणि जितकी काळजी वाढे तितक्या शाली.

मामांचं मोठेपण लवकरच सगळ्यांना कळलं. एका हरिणीनं विचारलं, "मामा, माझ्या मुलीचं लग्न जमेल का?" आतून टक्क झालं. त्याच आठवड्यात मुलीला स्थळ आलं. एका सशानं विचारलं, "मी नदीपलीकडे नोकरीला जाऊ का?" मामा नुसते घुरघुरले. ससा गेला नाही, आणि न जाऊन बरंच झालं असं आजतागायत सांगत फिरतो.

मामांच्या पाठीमागून एक काळी दोरी निघून भिंतीत गेली होती. ती बघून मामा साऱ्या विश्वाशी जोडलेले आहेत, असं भक्तांनी ओळखलं. मामांची समाधीही लागे. रोज सकाळी साडेअकराला ते एकदम निःशब्द होत आणि दुपारी दोनला पुन्हा घुरघुरू लागत. समाधीची वेळ भारनियमनाच्या वेळापत्रकात आधीच छापून येत असे, पण तिकडे कुणी लक्ष दिलं नाही.

केरोपंतांचे मात्र हाल चालले होते. त्यांना आता मागच्या खोलीत शिरायलाच जागा नव्हती. ते दारात उभे राहत आणि भक्तांच्या डोक्यांवरून शालींच्या डोंगराकडे बघत. आत बारा बाटल्या शिजत होत्या. शनिवारचा आपला पाऊण तास आठवून त्यांना भडभडून येई. भक्त म्हणत, भाच्याचा मामांवर जीव किती बघा.

"तुमचा मामा आहे तर चहाही तुम्हीच करा," अनसूयाबाई म्हणाल्या. त्या दिवशी केरोपंतांनी ऐंशी कप चहा केला.

बुधवारी त्यांनी मन घट्ट केलं आणि ओढ्याकाठच्या काटेकरला निरोप धाडला. काटेकर म्हणजे साळिंदर. पंप, पंखे, फ्रिज, काय वाट्टेल ते दुरुस्त करायचा. कमी बोलायचा, आणि जे बोलायचा ते टोचायचं. भक्तांना सांगितलं, मामांना बघायला वैद्य येताहेत. काटेकर पान्ह्यांची पिशवी घेऊन आला. केरोपंतांनी भक्तांना अंगणात बसवलं आणि खोलीचं दार लावून घेतलं.

काटेकरनं शालींच्या ढिगाकडे पाहिलं. मग केरोपंतांकडे पाहिलं.

"हा फ्रिज आहे," तो म्हणाला.

"हळू बोल बाबा," केरोपंत म्हणाले.

काटेकर ढिगात खांद्यापर्यंत शिरला. बराच वेळ आत चाचपडला आणि काटे पुसत बाहेर आला.

"कुणी गुंडाळलं याला?"

"आधी मी. मग सगळ्यांनी."

"सगळं उतरवा. भिंतीपासून वीतभर पुढे घ्या. मागच्या जाळीला वारा लागू दे. अर्ध्या तासात गार होईल."

"आणि बिघडलंय काय?"

"याचं? काही नाही."

केरोपंतांना काटेकरला मिठी मारावीशी वाटली. पण साळिंदराला मिठी मारायची नसते, हे भान त्यांना आनंदातही राहिलं. ते तसेच अंगणात गेले आणि म्हणाले, "वैद्यबुवा म्हणतात, शाली उतरवा. मामा बरे होतील."

"उतरवा?" वामनराव म्हणाले. "पंत, शाल म्हणजे मान. एकदा घातलेला मान उतरवायचा?"

"सगळ्या नको. निदान मागच्या बाजूच्या."

"म्हणजे मामांची पाठ उघडी? राजेसाहेब शनिवारी येताहेत आणि मामा पाठ उघडी टाकून बसलेत, हे दिसायला कसं दिसेल?" वामनराव काटेकरकडे वळले. "काय हो वैद्यबुवा, काढा कुठला दिलात?"

"काढा नाही."

"पथ्य?"

"नाही."

"लेप, चूर्ण, काहीच नाही? नुसता वारा लागू दे? अहो, वारा फुकट आहे. तो सांगायला वैद्य कशाला?"

भक्तांना ते पटलं. काटेकरला त्यांनी फाटकाबाहेर नेऊन सोडलं. जाता जाता तो केरोपंतांच्या कानाशी लागला.

"असाच तापत राहिला तर बाटल्या उडतील. मी सांगून ठेवतोय."

शुक्रवारी केरोपंतांना जेवण गेलं नाही. अनसूयाबाईंनी ताट बाजूला केलं आणि त्या समोर बसल्या. इतक्या वर्षांत त्या अशा समोर बसल्या नव्हत्या.

"खरं सांगून टाका," त्या म्हणाल्या. "होऊन होऊन काय होईल? अध्यक्षपद जाईल. शनिवार तर राहील."

केरोपंतांना ते एकदम बरोबर वाटलं. अध्यक्षपद गेलं तर शालही गेली, घामही गेला. खिडकी राहील आणि गार बाटली राहील. त्यांनी पायात वहाणा घातल्या आणि थेट तळ्यावर गेले. वामनराव एका पायावर उभे राहून उद्याच्या कार्यक्रमाची पत्रिका वाचत होते.

"वामनराव," केरोपंत म्हणाले. "तुम्हाला एक खरं सांगायचंय. ते मामा नाहीत."

वामनरावांनी पत्रिका खाली ठेवली. मग वरचा पायही खाली ठेवला. त्यांचे डोळे भरून आले.

"आम्हाला कळलंच होतं, पंत."

"कळलं होतं?" केरोपंतांना हायसं वाटलं. ते तिथेच दगडावर बसले.

"पहिल्या दिवशीच. मामा कसले? ते साक्षात महाराज आहेत. तुम्ही आपला भाचेपणा म्हणून झाकून ठेवलंत, एवढंच."

फ्रिज हा शब्द केरोपंतांच्या जिभेवर आला होता, पण भरल्या डोळ्यांच्या बगळ्यासमोर तो काही केल्या बाहेर पडेना. ते उठले आणि घरी आले.

शनिवार उजाडला. अंगणात मांडव, दारात रांगोळी, आणि मागच्या खोलीत एकशे नव्व्याण्णव शाली आणि घोंगड्या पांघरलेले हिमाजीमामा. राजेसाहेब आले. भारदस्त शरीर, मोठी आयाळ, आणि सवय अशी, की कुणीही थोर भेटला की त्याला उराशी धरून पाठीत दणादण थापा मारायच्या. गेल्या वर्षी त्यांनी एका कासवाचा असा सत्कार केला होता. ते अजून उताणंच आहे.

"आधी मामा," राजेसाहेब म्हणाले. "मग भाचा."

त्यांनी दोनशेवी शाल मामांना पांघरली, हार घातला, आणि मामांना कवेत घेऊन पाठीत पहिली थाप मारली. आत काच खणखणली.

"किती हलके झालेत वयानं," असं म्हणत राजेसाहेबांनी दुसरी मारली.

केरोपंतांनी डोळे मिटले.

तिसरी थाप बसली आणि आत फाट फाट असे आवाज सुरू झाले. पाच झाले, सहा झाले. शालींचा डोंगर थरथरला. मग शालींच्या कडेखालून पांढरा फेस निघाला. तो फरशीवर पसरला आणि राजेसाहेबांच्या पंजांशी थांबला. आणि खोलीत वास दरवळला.

कुणी हललं नाही.

मुलांनो, नीट ऐका. त्या खोलीत असा एकही प्राणी नव्हता, की ज्याला तो वास ओळखू आला नाही. आणि असाही एकही नव्हता, की ज्याला ते बोलून दाखवता आलं असतं. ओळखला म्हटलं की कसा ओळखला, ते सांगावं लागलं असतं. समोर राजेसाहेब, मागे मंडळाचा फलक. हरणं छताकडे बघत होती. रानडुकरांनी श्वास आत ओढून धरले होते, ते सोडवत नव्हते.

"हे काय आहे?" राजेसाहेबांनी विचारलं. विचारताना त्यांनी जिभेनं मिशी पुसली.

केरोपंत पुढे झाले. झालं ते पुरे झालं, असं त्यांनी मनाशी म्हटलं. "राजेसाहेब, खरं सांगायचं तर ही..."

"तीर्थ असावं," वामनराव म्हणाले.

खोलीतल्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

राजेसाहेबांनी पंज्यात थोडं घेतलं. प्यायले. डोळे मिटले. "कडू आहे."

"पहाडी आहे," वामनराव म्हणाले. "औषधी असणार."

राजेसाहेबांनी पुन्हा पंजा बुडवला. मग वामनरावांनी चोच बुडवली. मग रांग लागली. रांगेत धक्काबुक्की झाली नाही, सगळे शिकल्यासवरल्यासारखे पीत होते, फेस कसा फुंकायचा तेही सगळ्यांना येत होतं. पण कुणाच्याही चेहऱ्यावर समाधान दिसेना.

"कोमट आहे," शेवटी राजेसाहेब म्हणाले.

"गार पाहिजे होतं," मागून एक हरिण म्हणालं, आणि लगेच आपल्या खुरांकडे बघू लागलं.

"गार पाहिजे," ससे म्हणाले. "गारच लागतं," रानडुकरं म्हणाली. कसं काय ठाऊक, हे कुणी कुणाला विचारलं नाही.

"बुधवारी एक वैद्य आला होता," केरोपंत हळूच म्हणाले. "तो म्हणाला होता, अर्ध्या तासात गार होतील."

"मग बोलवा की त्याला," राजेसाहेब गरजले.

काटेकर आला. आल्या आल्या त्यानं दोरी कापली आणि शाली उपसायला सुरुवात केली. या वेळी कुणी मान काढला नाही की अपमान काढला नाही. दोनशे शाली अंगणात पडल्या. आत काचेचं दार, निळा दिवा, फेसाळता पेला. हातभर, लख्ख. काटेकरनं फुटक्या काचा काढल्या, सहा बाटल्या शाबूत होत्या त्या रांगेत लावल्या, फ्रिज वीतभर पुढे ओढला आणि मागच्या जाळीवरची धूळ झटकली.

खोलीतल्या सगळ्यांनी बघितलं. पेला बघितला, बाटल्या बघितल्या. केरोपंत वाट बघत होते, आता कुणीतरी म्हणेल.

"काय तेज आहे मामांचं," वामनरावांनी हात जोडले.

सगळ्यांनी हात जोडले.

अर्ध्या तासानं काचेवर धुकं धरलं. केरोपंतांनी ते पाहिलं. बरा झाला होता फ्रिज. लोकांना मानायचं ते मानू दे, संध्याकाळी सगळे घरी जातील, आपण खिडकीशी बसू. एवढंच तर हवं होतं.

"अशी विभूती एकाच्या घरात असणं बरोबर नाही," राजेसाहेब म्हणाले. "मामा सगळ्यांचे आहेत. पालखी आणा."

"राजेसाहेब," केरोपंत म्हणाले. "ते माझे मामा आहेत हो."

"म्हणूनच तुमचा त्याग मोठा," राजेसाहेब म्हणाले, आणि त्यांनी केरोपंतांना निर्व्यसनी शिरोमणी पुरस्कार दिला. सोबत शाल दिली. मामांच्या दोनशे शालीही प्रसाद म्हणून केरोपंतांकडेच ठेवल्या.

आता वडाच्या पारावर मामांचं देऊळ आहे. काटेकर तिथला राजवैद्य आहे. दर सहा महिन्यांनी मामांच्या पाठीची धूळ झटकायचा सोहळा असतो, त्याला लांबून लांबून लोक येतात. समाधी अडू नये म्हणून वेगळी वीज आणली आहे. तीर्थ कमी पडू नये म्हणून नदीपलीकडून पेट्या येतात, त्यांची व्यवस्था व्यसनमुक्ती मंडळ बघतं. मंडळाचे सभासद तिप्पट झाले आहेत.

दर शनिवारी आधी केरोपंतांचं भाषण होतं. हल्ली ते पूर्वीपेक्षा फार चांगलं बोलतात, अगदी पोटातून, कारण साऱ्या जंगलात न पिणारे आता ते एकटेच उरले आहेत. मग तीर्थाची रांग लागते. केरोपंत रांगेत शेवटी उभे राहतात. आधी पाहुण्यांनी घ्यायचं, घरच्यांनी शेवटी, अशी त्या जंगलातली रीत आहे, आणि मामांच्या घरचे असे तेच. त्यांची पाळी येते तेव्हा भांडं रिकामं झालेलं असतं. वामनराव पळी उपडी करतात, दोनदा झटकतात आणि एक थेंब केरोपंतांच्या पंज्यावर पाडतात.

थेंब गार असतो. केरोपंत तो चाटतात आणि डोळे मिटून तिथेच उभे राहतात.

मग कुणीतरी येऊन त्यांच्या खांद्यावर शाल घालतं.

तात्पर्य: खोटं बोलू नये, असं या गोष्टीचं तात्पर्य नाही. खोट्यानं केरोपंतांची अब्रू राखली, मंडळ वाढवलं आणि काटेकरला नोकरी लावली. तात्पर्य एवढंच, की घरातली वस्तू लपवायची वेळ आली तर तिला दुसरी वस्तू म्हणावं, नातेवाईक म्हणू नये. वस्तू आपली एकट्याची असते, मामा साऱ्या गावाचा होतो. आणि फ्रिज भिंतीपासून वीतभर पुढे ठेवावा.